ओरिजिनल म्हणजे काय रे भाऊ?

जुन्या गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारचे शहाणे हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "पंधरा वर्षं झाली ना? मग भंगारात काढ की!" दुसरा म्हणतो, "हात लावू नकोस रे तिला. ओरिजिनल आहे, ओरिजिनलच ठेव." हे दोघं एकमेकांचे कट्टर वैरी आहेत असा आपला समज असतो. पहिला म्हणजे प्रगतीवाला आणि दुसरा म्हणजे वारसावाला.

माझं म्हणणं असं की हे दोघं एकाच पक्षाचे आहेत. दोघांनाही गाडी उभी हवी आहे. एकाला ती यार्डात उभी हवी आणि दुसऱ्याला प्रदर्शनात, दोरीच्या पलीकडे, "कृपया हात लावू नये" अशा पाटीशेजारी. ती रस्त्यावर धावावी, सिग्नलला नीट थांबावी, घाट चढावी आणि मुख्य म्हणजे घाट उतरावी, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही. आणि दुर्दैव असं की जुन्या गाड्यांचे आपले सगळे नियम या दोघांनी मिळून लिहिल्यासारखे आहेत.

आता मी कोण हे बोलणारा? तर गेली चार वर्षं बहुतेक शनिवार-रविवार मी दहा बाय अठराच्या एका गॅरेजमध्ये, १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या खाली आडवा पडून काढले आहेत. सोमवारी ऑफिसात नखांत ग्रीस घेऊन जातो. स्टँड-अप मीटिंगमध्ये हात खिशात ठेवतो. गाडी अर्धी रिस्टोअर केली आहे आणि अर्धी मॉडिफाय, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही शहाण्यांच्या दृष्टीने मी वाया गेलेली केस आहे. असो.

आधी या "ओरिजिनल" शब्दाचं बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

पद्मिनी ही काही आभाळातून पडलेली नाही. १९६२ साली इटलीत फियाटने ११०० डी नावाची गाडी काढली. १९६४ पासून ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बनायला लागली. १९७२ मध्ये तिची 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. नावं बदलली, ग्रिल बदललं, दिवे बदलले. आतली गाडी तीच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा हातगिअर, मागे पाट्यांचे स्प्रिंग आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

आता गंमत ऐका. खुद्द फियाटने इटलीत १९६६ साली या गाडीची पुढची आवृत्ती काढली, ११०० आर. तिला पुढे डिस्क ब्रेक होते आणि गिअरचा दांडा खाली फ्लोअरवर आला होता. म्हणजे ज्यांनी ही गाडी डिझाईन केली त्यांनीच चार वर्षांत ठरवलं की या वजनाला, या वेगाला पुढे डिस्क हवेत. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांनी ती गाडीच बंद केली आणि १२८ आणली. आपण मात्र ११०० डी पकडून बसलो आणि हातगिअरवाली पद्मिनी चारही ड्रमवर आणखी कित्येक वर्षं विकत राहिलो.

का? इटालियन अभियंत्यांचा काही सौंदर्यविचार होता म्हणून? छे! लायसन्स राज होतं म्हणून. परवाना मिळाला होता तेवढ्याच गाड्या बनवायच्या, बाहेरची गाडी येऊ द्यायची नाही, गिऱ्हाईक बुकिंग करून वर्षानुवर्षं रांगेत उभं. अशा बाजारात डिस्क ब्रेक द्यायची गरज कोणाला? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडीचं क्लच दाबायला पायात पैलवानाची ताकद लागतेच असं नाही.

तर ओरिजिनलवाले मित्र ज्याला "मूळ रूप" म्हणून हात जोडतात, ते अर्धंअधिक औद्योगिक धोरणाचं जीवाश्म आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी १९६२ च्या रिलीजवर कोड फ्रीझ टाकला, वरचे सगळे पॅचेस नाकारले आणि आता त्याच बग्जना तुम्ही हेरिटेज म्हणताय. :)

याचा मला त्रास का होतो ते सांगतो. पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाट लागतो. गाडीत आम्ही चौघं, आई आणि मुलगी मागे, डिकीत सामान. तेव्हा गाडी संपूर्ण ओरिजिनल होती आणि ब्रेकचं काम नुकतंच झालं होतं. नवीन लायनिंग, नवीन व्हील सिलिंडर, ॲडजस्टमेंट चोख. दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होतो. तरी सात-आठ वळणांनंतर पेडल खाली खाली जायला लागलं. यात गाडी "खराब" असण्याचा काही संबंध नाही, हे ड्रम ब्रेकचं भौतिकशास्त्र आहे. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगपासून दूर सरकतो, तिथवर पोचायला पेडल जास्त दाबावं लागतं. तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते. ड्रम बंद डबा असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. डिस्क उघडी असते, वारा लागतो आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. एवढाच काय तो फरक.

त्यात माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर सिंगल सर्किटचा. म्हणजे एक रबरी होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले आणि हातात उरला फक्त हँडब्रेक. मी वीस मिनिटं गाडी कडेला लावून ड्रम गार होऊ दिले. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी गाडी थांबवून फोटो काढले आणि म्हणाले, "वा! अगदी ओरिजिनल ठेवलीये हो तुम्ही!"

त्यानंतरचे सहा महिने मी ब्रेकवर घालवले. हे काम सांगायला सोपं आहे, "पुढे डिस्क टाकले". करायला तसं नाही. दुसऱ्या गाडीचे डिस्क-कॅलिपर घ्यायचे, मधला ब्रॅकेट लेथवाल्याकडून जाड पोलादी प्लेटचा करून घ्यायचा आणि हे करताना चाकाचा ऑफसेट दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. बरं, ड्रमला स्वतःचा थोडा जोर असतो. चाक फिरताना शू आपोआप आत ओढला जातो. डिस्कला ते नाही, म्हणून पायावर जोर जास्त येतो, म्हणून बूस्टर हवा. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाईनवर राहिला तर पॅड कायम घासत राहतात आणि डिस्क लालबुंद होते. म्हणून तो मास्टर सिलिंडरच काढून डबल सर्किटचा घातला. मग पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल, कारण मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. प्रत्येक बदलानंतर भल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगावरून ब्रेक मारून खुणा मोजायच्या. माझ्याबरोबर एक पासष्टीचे मिस्त्री होते. आयुष्यभर फियाटच करत आले. डिस्क बघून ते काय म्हणतील याची मला धास्ती होती. ते म्हणाले, "साहेब, टॅक्सीवाल्यांना हे परवडलं असतं तर आम्ही कवाच टाकले असते."

हे वाक्य ओरिजिनलवाल्यांनी जरा चघळून बघावं. ज्या माणसाने ही गाडी जन्मभर जगवली त्याला तिच्या मूळ ड्रमबद्दल तिळमात्र भक्ती नाही. भक्ती आहे ती दिवाणखान्यात बसलेल्यांना.

आणि नुसते ब्रेकच नाहीत. ओरिजिनल पद्मिनी आज पंपावरचं पेट्रोलसुद्धा धड पिऊ शकत नाही! ही गाडी शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या सीटवर शिशाचा पातळ थर बसायचा आणि झीज कमी व्हायची. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल झालं, ते उत्तमच झालं. पण मग हेडमधल्या जुन्या सीट काढून कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो आणि टॅपेटची फट नाहीशी होत जाते. आता नवीन भर म्हणजे इथेनॉल. २०२५ पासून देशभर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते जुने रबरी होज आणि पंपाचा पडदा फुगवतं, मऊ करतं, टाकीत ओलावा धरून ठेवतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमधून मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. यावर उपाय काय? होज बदला, टाकी आतून साफ करून कोट करा, कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घाला. म्हणजेच गाडी मॉडिफाय करा! फॅक्टरीचा जेट तसाच ठेवणारा माणूस खरं तर फॅक्टरीने ठरवलेलं मिश्रण बिघडवतोय. मूळचं राखायचं म्हणजे जेटचा नंबर राखायचा का मिश्रण राखायचं, हे एकदा ठरवा राव.

(डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाईटला रिले, तिरक्या धाग्यांच्या टायरच्या जागी रेडियल, हे सगळं मी केलंय. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. लिहिण्याइतकं त्यात फार काही नाही, बोल्ट खोला आणि बोल्ट लावा.)

सीटबेल्टबद्दल मात्र दोन शब्द. पुढे अखंड सोफा सीट, पट्टे नाहीत. नुसतं भोक पाडून पट्टा बांधणं म्हणजे स्वतःची फसवणूक. धक्का बसला की बोल्ट पातळ पत्रा फाडून बाहेर येतो. मागून तीन मिलिमीटरची रुंद प्लेट वेल्ड करावी लागते, मधल्या खांबाला आणि फ्लोअरला. आणि त्यासाठी फ्लोअर जागेवर असावा लागतो, जो माझ्या गाडीत नव्हता.

इथे आपण पत्र्याकडे येतो. माझा सगळ्यात जास्त राग इथे आहे.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची लांबलचक पेटी, म्हणजे सिल, आणि फ्लोअर मिळून गाडीचा कणा होतो. तोच सडतो, कारण पाणी आत जातं आणि बाहेर यायची भोकं चिखलाने बुजतात. बाजारात "फुल्ली रिस्टोअर्ड, ओरिजिनल" म्हणून मिळणाऱ्या गाड्या बघायला जाल तेव्हा खिशात फ्रीजवरचं मॅग्नेट घेऊन जा आणि सिलवरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मी एका गाडीच्या सिलवर मॅग्नेट फिरवलं तर वीतभर अंतरात ते एकदाही धरलं नाही. वरून रंग असा की आरशासारखा. कंपनीचं ग्रिल, कंपनीच्या काचा, कंपनीचं हॉर्नचं बटण. मालक अभिमानाने एकेक ओरिजिनल गोष्ट दाखवत होता. मनात म्हटलं, बाबा रे, ही गाडी जॅकवर चढवलीस तर दारं लागणार नाहीत.

माझ्या गाडीत मी दोन्ही सिल आणि पुढचा फ्लोअर कापून काढला. अठरा गेजचा पत्रा, मिग वेल्डिंग, आणि एका जागी सलग न जोडता इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. एक सिल म्हणजे चार वीकेंड. कापण्याआधी आतून आडव्या पाईपने बॉडी बांधून घ्यायची, हे विसरलात तर गाडी मधून खचते. छोट्या गंजलेल्या भागांसाठी प्लास्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग निगेटिव्हला, साधा लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला, रात्रभर ठेवा, सकाळी गंज काळी पूड होऊन पुसला जातो. (स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात येतात. आणि खोली हवेशीर ठेवा, हायड्रोजन निघतो.) एवढं करून बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. वर अंडरकोट फासला की संपलं. स्पर्धेच्या परीक्षकाला हे दिसणार नाही आणि आरटीओला तर नाहीच नाही.

कारण आरटीओ काय बघतं? खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी घेऊन गेलो, कुठल्या कार्यालयात ते सोडा, तर तिथे चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, रंग आरसीवरच्या रंगाशी जुळतो का ते पाहिलं, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला. ब्रेक कोणी मारूनही बघितला नाही. गाडीखाली कोणी वाकलंही नाही. आरसीवर रंगाला रकाना आहे, ब्रेकला नाही. मी गाडी निळ्याची हिरवी केली तर मला नोंद करावी लागते. ड्रमचे डिस्क केले तर त्याची दखल घ्यायला कायद्याकडे जागाच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होता कामा नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. ते ठीकच आहे, त्याकडे परत येतो. पण जो कायदा "काय बदललं" एवढंच विचारतो आणि "बरं झालं की वाईट" हे विचारतच नाही, तो अर्धाच कायदा आहे.

आणि पैसे? १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. फी द्यायला माझी ना नाही. पण दहा हजारांत मला काय मिळतं? पेन्सिलीची घासाघीस. हेच दहा हजार घ्या आणि गाडी रोलरवर चढवा, चारही चाकांचा ब्रेक मोजा, सिलवर टोच्या मारून बघा, धूर तपासा. नापास झालो तर मी स्वतः गाडी उभी करीन. ऑगस्ट २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणाचं तत्त्व तेच होतं की, तपासणीत नापास झाली तर नोंदणी रद्द! माझा त्या तत्त्वाला शंभर टक्के पाठिंबा आहे. फक्त वय बघून पैसे घ्यायचे आणि तपासायचं मात्र नाही, हे तत्त्व नव्हे, हा टोल आहे.

दुसऱ्या शहाण्याचा नियम त्याहून मजेशीर. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात, बॉडी-इंजिनात मोठे बदल न केलेली. तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी, वीस हजार फी, दहा वर्षं नोंदणी. आणि अट अशी की ती रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवायची नाही. म्हणजे बघा, मान हवा असेल तर गाडी बदलू नका आणि चालवू नका! पद्मिनी हे नावच १९७४ चं. त्यामुळे पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी ओलांडतायत. माझी १९८४ ची. ती २०३४ मध्ये वारसा होईल. तोपर्यंत ती काय आहे? भंगार. मधल्या पस्तीस वर्षांसाठी, म्हणजे पंधरा ते पन्नास, आपल्याकडे शब्दच नाही. आणि २०३४ पर्यंत टिकली तरी तिचा कापून नवा घातलेला फ्लोअर बघून ती "मूळ रूपात" आहे की नाही यावर कोणी साहेब चष्मा पुसत बसणार.

इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. गेल्या तीस वर्षांत गाडीत "मोठा बदल" झाला असेल तर सूट नाही. इथवर आपल्यासारखंच. पण त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की गाडी टिकवण्यासाठी केलेला बदल, आणि ॲक्सल-ब्रेक-स्टिअरिंगमध्ये सुरक्षितता, कार्यक्षमता किंवा प्रदूषण सुधारण्यासाठी केलेला बदल हा "मोठा बदल" धरायचा नाही. दोन ओळी आहेत. आपल्या नियमात या दोन ओळी घालायला किती खर्च येईल? (तपासणीतली सूट मला नकोच आहे. उलट मला तपासणी हवी आहे.)

आता भंगारवाल्यांचा खरा मुद्दा, कारण त्यांचा एक मुद्दा खरा आहे. प्रदूषण. पीयूसीत बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतं, बीएस-४ वाल्या गाडीला ०.३ टक्के. दहापट! माझी गाडी नीट ट्यून केल्यावर १.४ टक्क्यांवर येते. त्याखाली सोलेक्सचा कार्बोरेटर जात नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, फ्युएल इंजेक्शन नाही. मैलामागे माझी गाडी नव्या गाडीपेक्षा घाण आहे, यात वाद नाही आणि "जुनं ते सोनं" वगैरे सांगून मी तो उडवून लावणार नाही.

पण प्रदूषण म्हणजे मैलामागची घाण गुणिले मैल. माझी गाडी वर्षाला दीड हजार किलोमीटर जाते. ऑफिसला रोज एकट्याने हिंजवडीपर्यंत एसयूव्ही नेणारा माझा मित्र तेवढं दोन महिन्यांत करतो, आणि मला पर्यावरण शिकवतो. वयावर बंदी घालण्यात हा दुसरा आकडाच गायब होतो. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे, ती मला मान्य आहे, कारण टॅक्सी दिवसभर शहरातच फिरते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती आणि ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती थांबली. लोक हळहळले. मी नाही हळहळलो. तिने तिचं काम केलं होतं. पण टॅक्सीचा न्याय रविवारच्या गाडीला लावू नका.

दिल्लीत काय झालं ते बघा. डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा हरित लवादाने २०१४-१५ मध्ये घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. १ जुलै २०२५ ला अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा फतवा निघाला आणि चार दिवसांत गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. त्या निकालात माझ्यासारख्याची गाडी वाचत नाही, तरीही मी म्हणतो की दिशा बरोबर आहे. निदान जन्मतारखेवरून धुराकडे तरी आले.

जाता जाता आमच्याच बिरादरीला दोन शब्द, कारण कलम ५२ आमच्यावर उगाच आलेलं नाही. मॉडिफाय म्हणजे सायलेन्सर कापून रात्री अकराला गल्ली उठवणं, असं समजणारे खूप आहेत. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी जमिनीला टेकवायची, मग चाकांचे कोन बिघडून स्टिअरिंग खड्ड्यात हिसके मारतं. समोरच्याला आंधळं करणारे पांढरे एलईडी. चाकाच्या कमानीबाहेर आलेले टायर. आणि या सगळ्याला ते "रिस्टोमॉड" म्हणतात. यातल्या एकानेही ब्रेकला हात लावलेला नसतो. असल्या गाड्या बघूनच कुठल्याही अधिकाऱ्याला वाटणार की मॉडिफिकेशन म्हणजे गुन्हा. त्याचं काय चुकलं?

मी स्वतःसाठी एक नियम केला आहे, तो ऑफिसातूनच उचललाय. जो बदल परत फिरवता येत नाही तो करायचा नाही, अपवाद फक्त गंजलेला पत्रा. मूळ ड्रम, मूळ मास्टर सिलिंडर, डायनामो, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, सगळं तेल लावून खोक्यांत आहे, वर लेबल आहे. एका दोनशे पानी वहीत तारीख, काय काढलं, काय घातलं, का घातलं, कोणता बोल्ट, किती टॉर्क, असं सगळं लिहून ठेवलंय. माझ्यानंतर ज्याच्याकडे ही गाडी जाईल त्याला हवं तर एका आठवड्यात तो १९८४ मध्ये परत जाऊ शकेल. तेव्हा ओरिजिनलवाल्यांनी निर्धास्त असावं, तुमचं काही हरवलेलं नाही.

पार्टचं मात्र कठीण होत चाललंय. टॅक्सी होत्या तोवर दर गल्लीत पद्मिनीचा पार्ट मिळायचा. आता पुण्यात नाना पेठेत चार दुकानं फिरून एक क्लच प्लेट मिळते आणि नाहीच मिळाली तर कुर्ल्याचा भंगार बाजार. जिथे या गाड्या जन्मल्या तिथेच त्या सुट्या होऊन विकल्या जातायत. परवा तिथे एका दुकानात विचारलं, सिल आहेत का. दुकानदार हसला. "सिल कुठून आणायचे साहेब, गाडी इथवर येते तोवर ते रस्त्यातच पडलेले असतात."

पुढचं नूतनीकरण पावसाळ्यानंतर आहे. ब्रेकचे आकडे, वेल्डिंगचे फोटो, पीयूसीची पावती आणि ती वही, अशी फाईल करून ठेवली आहे. बघणार कोणी नाही हे माहीत आहे. तरी खिडकीवर ठेवणार आहे. निदान पेन्सिल घासायला टेकू म्हणून तरी वापरतील.